'रिकामटेकड्यांचा उद्योग' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

ड्युअलशॉक ४ चा, म्हणजे प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलच्या कंट्रोलरचा, ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक सरकल्यासारखी वागण्याचा दोष) काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "स्टिक आपोआप सरकते ती धुळीमुळे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की झालं. उघडून सोल्डरिंग करत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे." शिवाय वॉरंटी, नव्या कंट्रोलरची किंमत आणि नवशिक्यांच्या हातून बोर्ड खराब होण्याची भीती, हेही आलं.

मतभेद असू द्या, त्याचं मला वावडं नाही. पण रिकामटेकडे कोणाला म्हणालात? त्याच लेखाखाली शंका विचारणारी कॉलेजची मुलं आहेत. घरात एकच कंट्रोलर, बिघडला तर दुसरा मिळणार नाही, म्हणून ती मल्टिमीटर धरायला शिकतायत. त्यांच्यासमोर हा शब्द वापरताना थोडा विचार करायला हवा होता.

आणि माझं म्हणाल तर आयटीआयला मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि पुढे पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुकानात याच कामावर पोट भरलं. आवाज वाढवताना खरखरणारे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर तिथे रोज यायचे. फवारा मारला की खरखर थांबायची, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि काही दिवसांनी तोच रेडिओ पुन्हा काउंटरवर. कारण व्हॉल्यूमच्या पॉटमधली, म्हणजे बटण फिरवलं की रोध कमी-जास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरमधली, कार्बनची पट्टी झिजलेली असायची. फवाऱ्याने भुकटी धुतली जाते, झिजलेला कार्बन परत येत नाही.

तुमच्या हातातल्या स्टिकखाली असेच दोन पॉट आहेत, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. स्टिक सोडली की स्प्रिंग तिला मध्यावर आणते, त्यामुळे आतली सरकपट्टी सगळ्यात जास्त घासते ती त्या मध्याच्या आसपास. तिथला कार्बन गेला की हात न लावताही खेळाडू चालू लागतो. लेखात मी बोर्डावरून काढलेल्या मॉड्यूलच्या (स्टिक आणि दोन्ही पॉट असलेल्या सुट्या भागाच्या) एका पॉटच्या मधल्या आणि कडेच्या पायावर मीटर लावून दाखवलं होतं : स्टिक हळू हलवली तरी आकडा सरळ चढत नव्हता, मध्येच उडत होता. ही धूळ आहे का? तो फोटो तुम्ही पाहिलाच नसावा. खरोखर धूळच असेल तर फवारा चालतो, हेही दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. न वाचता शिकवायला येणं मला पटत नाही.

सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये चुंबक आणि त्याची जागा स्पर्शाशिवाय ओळखणारे हॉल सेन्सर वापरले होते. तिथे घासायला पट्टीच नाही. पॉट झिजतो हे तेव्हाही ठाऊक होतं, मी काही नवीन शोध लावलेला नाही.

एक मान्य करतो. बॅटरीचं कनेक्टर आधी काढायचं, हे वाक्य लेखात होतं, पण ठळक हवं होतं. आता केलं आहे.

बाकी वॉरंटी केव्हाच संपली होती. किंमत ज्याने त्याने आपला खिसा बघून ठरवावी. मॉड्यूलचे चौदा पाय एकदम सुटत नाहीत, घाई केली तर बोर्डावरचे पॅड (पाय सोल्डर होतात ते तांब्याचे ठिपके) उखडतात, म्हणून नवशिक्याने आधी भंगारातल्या बोर्डावर हात बसवावा. आणि नवीन मॉड्यूल बसवल्यावर मध्य जुळला नाही तर कॅलिब्रेशन करावं लागतं, ते पुढच्या लेखात येईल.

तुमचा फवारा मारलेला कंट्रोलर महिन्याभराने पुन्हा तपासा आणि स्टिक मध्यावर थांबते का ते इथे लिहा. नीट शब्दांत लिहिलंत तर नक्की उत्तर देईन.