‘जेनेटिक इंजिनिअरिंगवर कथा लिहू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज सध्या फिरतोय, की जेनेटिक इंजिनिअरिंगवर आता कथा लिहू नका. चार कारणं दिलीयेत त्यात. एक, क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या ठिकाणी कापून जीन बदलणारी कात्री, आल्यापासून ही कल्पना राहिलेली नाही, बातमी झालीये. दोन, जीन बदलून काहीही करता येतं, म्हणजे कथेत अडचणच उरत नाही. तीन, शेवट ठरलेला, शास्त्रज्ञाला हाव सुटते, काहीतरी लॅबमधून निसटतं, माणसं मरतात. चार, वाचकाला विज्ञान नको असतं, भावना हव्या असतात. नव्याने लिहायला लागलेली मुलंमुली हे वाचून हातातली कथा बाजूला ठेवतायत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा लवकर आटपतो. क्रिस्परचा तो गाजलेला पेपर 2012 चा, तो लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ शार्पांतिए आणि डाउडना यांना नोबेल मिळालं 2020 ला, सगळं खरंय. पण मधे 2018 च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये ‘हे च्यानक्वे’ नावाच्या संशोधकाने सांगितलं की त्याने गर्भावस्थेतच जीन बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्यात, पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची कैद झाली आणि बातमी तिथे थांबली. आता अशी एखादी मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिला कपाटात स्वतःची फाइल सापडली तर ती कुणाला काय विचारेल? ते कुठल्याच बातमीत येणार नाही, ते लेखकालाच लिहावं लागणार.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला जास्त बोलायचंय कारण तो साफ चुकीचा आहे, आणि मी स्वतः त्यात फसलेय. माझ्या एका जुन्या कथेत नायक इंजेक्शन घेतो आणि महिन्याभरात चार इंच उंच होतो, तेव्हा मला ते भारी वाटलं होतं. मग वाचत गेले तर कळलं की उंचीचा असा एक जीन नसतोच. 2022 मध्ये सुमारे चोपन्न लाख लोकांचा डेटा घेऊन एक अभ्यास झाला, त्यात उंचीशी जोडलेल्या डीएनएमधल्या बारा हजारांवर जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी किंचित. शिवाय वयात येणं पूर्ण झालं की हाडांच्या टोकाशी जी वाढ होणारी पट्टी असते ती बंद होते, मग जीन कितीही बदला, हाड लांब होत नाही. माझी कथा तिथेच पडली. पण दुसरी मिळाली ना! ज्याला हे करायचंय त्याला ते मूल जन्मायच्या आधीच ठरवायला लागेल, म्हणजे आपल्या उंचीचा सल आईबाप पोराच्या अंगावर उतरवणार, आणि तरी तो उंच होईलच याची खात्री नाही.

आणि चुका किती प्रकारच्या होतात ते बघा. कात्री चुकून भलत्याच ठिकाणी चालते. किंवा गर्भात काही पेशींमध्ये बदल होतो आणि काहींमध्ये होतच नाही, एकाच शरीरात दोन्ही प्रकारच्या पेशी, याला मोझेक म्हणतात. किंवा बदल होतो पण हवा तो होत नाही, त्या चिनी प्रयोगात निसर्गात सापडणारी डीएनएच्या 32 अक्षरांची गळती आणायची होती आणि झाले ते बदल वेगळेच. अडचणच उरत नाही म्हणणाऱ्याने यातली एक तरी घेऊन दोन पानं लिहून बघावीत.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तसल्या कथा ढिगाने आल्यात आणि मलाही कंटाळा आलाय. पण तो दोष लिहिणाऱ्यांचा झाला, विषयाचा कसा? अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल बर्ग यांना 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांमधल्या एका विषाणूचा डीएनए बॅक्टेरियात घालायचा होता, तो विषाणू प्राण्यांमध्ये गाठी करू शकतो अशी शंका सहकाऱ्यांनी काढली आणि त्यांनी स्वतःचाच प्रयोग थांबवला. 1975 ला कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला शास्त्रज्ञ जमले ते स्वतःवरच नियम घालून घ्यायला. हातात आलेलं काम खाली ठेवणारा माणूस, शेजारच्या लॅबमधला कुणी पुढे जाईल ही धास्ती, रात्री घरी येऊन जेवणाच्या ताटावर गप्प बसणं, हे लिहा की!

चौथा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण विज्ञान वेगळं आणि भावना वेगळ्या हे धरूनच चाललेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. एका जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्याने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. 2023 च्या शेवटी त्यावर क्रिस्परची पहिली थेरपी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. पण ती चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही! पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बनणं हळूहळू जवळजवळ थांबतं, ही थेरपी ते परत सुरू करते. त्यासाठी रक्ताच्या स्टेमसेल, म्हणजे ज्यांच्यापासून रक्त बनतं त्या पेशी, बाहेर काढून बदलतात, मग हाडातला जुना बोनमॅरो मोकळा करायला कडक केमो देतात, केस जातात, तोंडात फोड येतात, काही आठवडे हॉस्पिटलमध्ये सगळ्यांपासून वेगळं राहावं लागतं. त्या केमोने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते म्हणून बीजांडं आधीच गोठवून ठेवायचा सल्ला देतात.

आता एक सत्तावीस वर्षांची बाई डोळ्यासमोर आणा. लहानपणापासूनच्या कळा थांबल्यात, पहिल्यांदाच ती जिना न थांबता चढलीये. पण बदल फक्त तिच्या रक्तात झालाय, गोठवलेल्या प्रत्येक बीजांडात ते जुनं अक्षर तसंच आहे. नवराही वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसला तरी त्याच्या एका जीनमध्ये ते अक्षर असेल, तर दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता निम्मी. गर्भ तपासून निवडायचा का? निवडला नाही तर मुलाला पुढे काय सांगायचं, आणि निवडला तर ‘माझ्यासारखं मूल नको’ असं आपणच म्हटलं का? तिची आई, जिने तिच्या कळांच्या रात्री जागून काढल्या, ती काय म्हणेल? आणि हे सगळं चालू असताना तिला पंधरा वर्षं तपासणीला जात राहायचंय, कारण बदललेल्या पेशी पुढे कशा वागतात यावर नजर ठेवायची असते. दर वेळी काचेच्या नळीत तेच रक्त, रिपोर्ट येईपर्यंत तोच फोन हातात, आणि घरात तो विषय कुणीच काढत नाही.