भिंतीची एक्स्पायरी

“ताई, हा गेल्या वर्षीचा ना?”

हे भिंतीबद्दल होतं. शेजारच्या वहिनींचे थोरले भाऊ, ज्यांना अख्खा मजला दादा म्हणतो, चावी द्यायला आले होते. चावी दिली, पाणी मागितलं, अर्धा पेला पिऊन उठले आणि जाता जाता भिंतीपाशी थबकले. दूध नासलंय का हे बघायला पातेल्याशी नाक नेतात, तसं नाक त्यांनी भिंतीजवळ नेलं. मग दोन पावलं मागे सरकून हळहळले, “मोका मूस. अजून?”

आता, रंग तपकिरी आहे हे खरं. रंगांना नंबर देणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०२५ साठी ‘वर्षाचा रंग’ म्हणून मोका मूस जाहीर केला होता, हेही खरं. पण त्या भिंतीवर दुपारभर पश्चिमेचं ऊन आपटतं. तिथे फिकट काही लावलं की डोळे दिपतात. म्हणून तपकिरी. भिंतीला वर्षाचं काही देणंघेणं नव्हतं.

“यंदा क्लाउड डान्सर आहे,” दादांनी माहिती पुरवली. “पांढरा.”

एवढ्यावर थांबले असते तरी मी विसरले असते. पण दादांनी फोन काढला. त्यांच्याकडे रंग ओळखणारं अ‍ॅप आहे. ‘मोका मूस’ हे नुसतं अंदाजाने म्हटलेलं होतं. आता पुरावा हवा होता. त्यांनी फोन थेट भिंतीला टेकवला.

“काळा दाखवतंय.”

“दादा, लेन्स झाकली गेली.”

वीतभर मागे घेतला. बदामी आला. खिडकीजवळ गेले, तर राखाडी. कोपऱ्यात चक्क जांभळट. मग म्हणाले उजेड कमी पडतोय, आणि स्वतःच दिवा लावला. नारिंगी. दादांनी फोन झटकला, काच शर्टाला पुसली, पुन्हा सगळी फेरी मारली. या खेपेला खिडकीजवळही बदामी आला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“ताई, स्पष्ट बोलतो. तुमची भिंत स्थिर नाही.”

मी सांगून पाहिलं. दिवा २७०० केल्व्हिनचा आहे, म्हणजे पिवळसर. खिडकीतून ढगाळ आभाळाचा उजेड येतोय, तो साडेसहा हजारांच्या आसपास, म्हणजे निळसर. भिंत काय करते, तर जो उजेड येईल त्यातला काही गिळते आणि उरलेला परत पाठवते. येणारा उजेड बदलला की परत जाणाराही बदलतो. त्यात फोनचा कॅमेरा प्रत्येक वेळी ‘इथे पांढरं कशाला म्हणायचं’ हे आपल्या मनाने ठरवतो आणि बाकीचे रंग त्या हिशेबाने सरकवतो. त्यामुळे सारख्या, ठरलेल्या उजेडाखाली धरल्याशिवाय साध्या कॅमेऱ्याच्या उत्तराला फारसा अर्थ नाही. भिंतीवर टेकवून स्वतःचाच दिवा पाडणारी मोजणी यंत्रं असतात, ती वेगळी.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पण अ‍ॅपला साडेचार स्टार आहेत.”

माझ्या भिंतीला एकही नाही.

“पेंटरने डबे वेगवेगळे आणले असतील,” त्यांनी निदान केलं. इथे मात्र मला त्यांना मार्क द्यावे लागतील, कारण शंका इथे लागू नसली तरी रास्त आहे. दुकानातलं टिंटिंग मशीन डब्यातल्या बेसमध्ये, म्हणजे छटा न घातलेल्या रंगात, स्टेनरचे, म्हणजे दाट रंगद्रव्याचे, थेंब सोडतं. मात्रा मिलिलिटरच्या अंशात असते. बेसचा लॉट बदलला, मशीनची नळी अर्धवट तुंबली, किंवा एक डबा चार लिटरचा आणि दुसरा एक लिटरचा असला, की एकाच कोडचे दोन डबे किंचित वेगळे निघतात. डब्यात कळत नाही. भिंतीच्या मधोमध एक संपून दुसरा सुरू झाला की उभी रेघ दिसते आणि मग ती आयुष्यभर दिसते. उपाय सोपा आहे: काम सुरू करण्याआधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळायचे. ते जमणार नसेल तर डबा नेहमी कोपऱ्यावर संपवायचा, कारण कोपऱ्यात दोन भिंतींवरचा उजेड मुळातच वेगळा पडतो आणि फरक खपून जातो.

हे सांगत होते तोवर दादांनी पेल्यातल्या उरलेल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि भिंतीवर घासायला सुरुवात केली.

हळूच नाही. खरकटं निघत नसल्यासारखं, दात-ओठ खाऊन. मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्यांचे दहा-बारा हात मारून झाले होते. मग अंगठा उजेडात धरून नीट तपासला.

“सुटत नाही. क्वालिटी चांगली आहे,” असं प्रमाणपत्र देऊन ते गेले.

रंग सुटला नाही, कबूल. पण मॅट इमल्शनला, म्हणजे पाण्यात कालवायच्या बिनचमकीच्या रंगाला, अंगावर खुणा न दिसण्याचं जे वरदान आहे, ते त्याच्या खडबडीतपणामुळे आहे. त्यात भरड पूड जास्त आणि बांधणारं रेझिन त्या मानाने कमी असतं. पृष्ठभागावर बारीक उंचवटे राहतात, ते उजेड चहूकडे विखुरतात आणि भिंत शांत दिसते. तिथे जोरात घासलं की उंचवटे झिजून सपाट होतात आणि तेवढीच जागा चकाकते. पेंटर म्हणतो, ‘पॉलिश झाली’. फिक्या रंगावर हे सहज लपतं, गडद रंगावर अजिबात नाही. आता त्या भिंतीवर नाण्याएवढा एक डाग आहे. समोरून दिसत नाही. संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की तो असा लकाकतो, की आल्यागेल्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

“टच-अप करून टाका की,” असं ज्याला त्याला सुचतं. मॅटवर टच-अप बरा लपतो असं म्हणतात, आणि फिक्या, ताज्या, रोलरच्या भिंतीवर लपतोही. पण भिंत काही महिने उजेड आणि धूळ खाऊन बसलेली असते, डब्यातला रंग कोरा असतो. भिंत रोलरने केलेली असते, ठिपका ब्रशने होतो, आणि दोघांचा पोत वेगळा. ठिपक्यावर थर जाड बसतो. नाण्याएवढा डाग घालवायला गेलेला माणूस बशीएवढा डाग करून परततो. करायचंच असेल तर त्याच डब्यातला रंग, पाच-दहा टक्के पाणी घालून, भिंतीला वापरला तेवढ्याच लांब केसांच्या छोट्या रोलरने, कडेला जवळजवळ कोरडा फिरवत. तरीही दिसला तर एकच रस्ता: ती अख्खी भिंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, ओली कड न सुकू देता एका दमात.

ही बातमी वहिनींमार्फत दादांपर्यंत पोचली असावी. निरोप आला: “भिंत करायचीच आहे तर आता क्लाउड डान्सरच मारा. सगळी खोलीच करून टाका. एक हात पुरे.”

एक हात!

पांढऱ्या रंगाची झाकण्याची ताकद टिटॅनियम डायऑक्साइडमधून येते. ते उजेड विखुरून परत पाठवतं. पण थर पातळ असला की थोडा उजेड खालपर्यंत पोचतो आणि खालचा तपकिरी चहाडी करतोच. उजेड परत पाठवण्याचं माप ० ते १०० असं असतं, काही कंपन्या शेड कार्डाच्या मागे एलआरव्ही म्हणून छापतात. असल्या तपकिरीचा आकडा २० ते २५ च्या घरात, असल्या पांढऱ्याचा ८० च्या वर. ही उडी एका हातात होत नाही. आधी भिंत पुसून कोरडी करायची, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, धूळ काढायची, प्रायमरचा एक हात, मग पांढऱ्याचे दोन, बहुतेक वेळा तीन. मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, सहसा चार तास, हवा दमट असेल तर त्याहून जास्त.

हिशेबच करू. खोली १२ बाय १०, उंची १०. परिमिती ४४, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे ४० वजा, राहिले ४००. गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे एका हाताला ११० ते १२० फूट निघतात. प्रायमर साडेतीन लिटर, पांढरा तीन हातांचा साडेदहा लिटर. शिवाय पांढरा मारल्यावर छत पिवळट दिसायला लागतं, म्हणून छत. छत झालं की दाराच्या चौकटी मळक्या दिसतात, म्हणून चौकटी. चौदा लिटर रंग आणि विस्कटलेलं घर, एका अंगठ्यापायी.

बरं, हा पांढरा तरी नेमका कुठला? कापडासाठीच्या पॅन्टोन नंबरात सगळी कुंडली असते. पहिले दोन आकडे उजळपणाचे, लहान आकडा म्हणजे उजळ. मधले दोन कुठल्या रंगाकडचा ते सांगतात. शेवटचे दोन त्या रंगाचा जोर. मोका मूस १७-१२३०: बराच गडद, नारिंगीच्या अंगाचा, मध्यम जोर. क्लाउड डान्सर ११-४२०१: अतिशय उजळ, निळ्याच्या बाजूचा, आणि जोर शून्य-एक. म्हणजे रंग नाही म्हटलं तरी चालेल. पण हा नंबर रंगवलेल्या सुती कापडाचा आहे, भिंतीचा नव्हे. रंगाच्या दुकानात त्याचा ‘जवळचा’ शेड मिळतो, आणि जवळचा म्हणजे नेमक्या कुठल्या उजेडात जवळचा, हे कुणी सांगत नाही. कापडातलं रसायन वेगळं, डब्यातलं वेगळं. दिवसा सख्खी भावंडं वाटणारी उशी आणि भिंत रात्री दिव्याखाली एकमेकांना ओळख देत नाहीत.

आणि ‘यंदाचा’ म्हणजे कुणाचा यंदाचा? २०२६ साठी पॅन्टोन म्हणतं पांढरा. रंग बनवणाऱ्या कंपन्यांत बेंजामिन मूर म्हणतं सिल्हूट, म्हणजे कोळशाकडे झुकलेला गडद तपकिरी. शेर्विन-विल्यम्सचा युनिव्हर्सल खाकी. ड्युलक्सने तर तीन निळे एकदम काढले. म्हणजे वर्ष एकच, आणि ते एकाच वेळी पांढरं, काळपट, खाकी आणि निळं आहे. यात तपकिरी बाद झाला असं कुठे लिहिलंय, हे मला दादांना विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण त्यांनी फोन काढला असता.

हा वार्षिक सोहळा तसा जुना नाही. पॅन्टोनचा मूळ धंदा छापखान्याच्या शाया जुळवण्याचा, १९६३ पासूनचा. वर्षाचा रंग त्यांनी २००० सालासाठी पहिल्यांदा काढला, सेरुलियन निळा. २०१६ ला एक पुरेना म्हणून दोन काढले, २०२१ ला पुन्हा दोन, आणि २०२२ ला असलेल्या रंगांत मन रमेना म्हणून व्हेरी पेरी नावाचा नवाच बनवला. त्याआधीपासून कलर मार्केटिंग ग्रुप (१९६२) आणि इंटरकलर (१९६३) या रंगांचे अंदाज बांधणाऱ्या मंडळींच्या बैठका होत आल्या आहेत. तिथे पुढच्या एक-दोन वर्षांचे रंग ठरतात, कारण कापड गिरणीला आणि मोटारवाल्याला तेवढी आगाऊ सूचना लागते. त्यांची गरज मला समजते. लिपस्टिक वर्षात संपते, टी-शर्ट विटतो, फोनचं कव्हर तुटतं. बरं इमल्शन मात्र ओल नसलेल्या भिंतीवर पाच-सात वर्षं सहज राहतं. बारा महिन्यांची फॅशन आणि सहा वर्षांची भिंत. म्हणजे कुठल्याही दिवशी मोजलं तरी बहुतेक घरांच्या भिंती दादांच्या हिशेबाने मुदत संपलेल्याच. हा हिशेब कुणाच्या फायद्याचा आहे ते कळायला अ‍ॅप लागत नाही.

ज्यांना खरंच रंग निवडायचाय त्यांनी वर्ष बाजूला ठेवून एक पांढरा पुठ्ठा घ्यावा, निदान दीड-दोन फुटांचा. कडेने दोन बोटं पांढरं सोडून नमुन्याच्या डबीतले दोन हात मारावेत आणि पूर्ण सुकू द्यावं. ओलं इमल्शन फिकं दिसतं, सुकलं की गडद होतं. नमुना थेट जुन्या भिंतीवर मारू नये, शेजारचा जुना रंग नव्याला ओढतो. तपकिरीच्या मध्ये साधा राखाडीसुद्धा निळा दिसतो. पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली, खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्याच भिंतीवर, उभा धरून बघावा. आडवा नाही, टेबलावर पडलेल्या पुठ्ठ्यावर छताचा उजेड पडतो आणि तो भिंतीवर कधीच तसा पडत नाही. शेड कार्डावरचा चौकोन आवडला तर त्याच पट्टीतला एक घर फिका घ्यावा, कारण चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि खोलीत तो चढतो. जिथे पाठी, पिशव्या किंवा अंगठे घासतात, तिथे मॅटऐवजी सॅटिन, म्हणजे किंचित चमकीचा.

उरलेला रंग हवाबंद छोट्या डब्यात, काठोकाठ भरून ठेवावा. आत हवा राहिली की साय धरते. झाकणावर कोड, बेस, लॉट, मॅट की सॅटिन, खोली आणि तारीख लिहावी. माझ्या डब्यावर तारीख सोडून सगळं लिहिलंय. तारीख दिसली की दादा झाकण उघडून वास घेतील.