जुने गेम्स नुसते आठवणीत ठेवून भागणार नाही

जुन्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा, विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "अरे ते लहानपण होतं म्हणून भारी वाटतं, आता खेळून बघ, दहा मिनिटांत कंटाळशील." मला हे अजिबात पटत नाही, कारण मी ते गेम्स आजही खेळतो आणि आजही तेवढीच मजा येते. लहानपणाचा वाटा आहेच, नाही कशाला म्हणू, पण सगळं श्रेय लहानपणाला देऊन टाकणं हा त्या गेम्सवर आणि ते बनवणाऱ्यांवर अन्याय आहे.

ज्याने आयुष्यात कधी कंट्रोलर धरला नाही अशा कोणाच्याही हातात सुपर मारिओची पहिली लेव्हल द्या आणि शांत बसून बघा. स्क्रीनवर एक ओळ सूचना येत नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे तिकडे जायचं हे न सांगता कळतं, मग समोरून तो पहिला गुंबा, म्हणजे बुटका शत्रू, चालत येतो, धडकला की खेळ खल्लास, पुढच्या वेळी माणूस आपोआप उडी मारतो, उडी मारता मारता वरच्या ब्लॉकला डोकं लागतं, मश्रूम बाहेर पडतो, उजवीकडे घसरत जातो आणि पाइपला आपटून परत आपल्याकडेच येतो, म्हणजे नको म्हटलं तरी बहुतेक वेळा तो मिळतोच आणि मारिओ मोठा होतो. अर्ध्या मिनिटात अख्खा गेम कसा खेळायचा ते समजलेलं असतं. १९८५ चा गेम आहे हा! आणि सगळा मिळून फक्त ४० केबी. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला त्यांनी ढग आणि झुडूप यांना एकच चित्र वापरलं, फक्त रंग बदलला, आणि आपण वर्षानुवर्षं खेळूनही ते कोणाच्या डोळ्यात आलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. मशीनमध्ये काहीच नव्हतं म्हणून त्या लोकांना डोकं चालवावं लागलं आणि ते चाललेलं डोकं आपल्याला आजही हाताला जाणवतं. स्पेस इन्व्हेडर्समध्ये (१९७८) एलियन जसजसे मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो ना, ते सुरुवातीला मुद्दाम केलेलं नव्हतं, स्क्रीनवर काढायला कमी आकृत्या उरल्या की प्रोसेसरचं काम हलकं व्हायचं आणि उरलेले पळायला लागायचे, बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं आणि शेवटच्या एलियनला छातीत धडधड व्हायला लागली. सायलेंट हिलमधलं (१९९९) धुकंही तसंच, प्लेस्टेशनला लांबचं काही काढता येत नव्हतं म्हणून सगळं गाव धुक्यात बुडवलं, आणि आजही त्या गेमची भीती आठवते ती धुक्यासकटच.

आता टीव्हीचं. जुना गेम मोठ्या एलईडीवर लावून "ग्राफिक्स किती बेकार होते" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तो डबा टीव्हीवर बघावा. सोनिकच्या पहिल्या गेममधला (१९९१) धबधबा म्हणजे खरं तर नुसत्या उभ्या रेघा आहेत, पण जुन्या केबलमधून जुन्या टीव्हीवर गेल्यावर त्या रेघा एकमेकीत मिसळायच्या आणि आरपार दिसणारं पाणी तयार व्हायचं. चित्र काढणाऱ्याने टीव्हीचा दोष हिशोबात धरून चित्र काढलं होतं. डक हंटची बंदूक तर अजून भारी, ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी फक्त पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं. आपल्याला नुसता एक लुकलुकाट दिसायचा. नव्या टीव्हीवर ते चित्र उशिरा येतं आणि बंदूक आंधळी होते. म्हणजे गेम आहे, बंदूक आहे, कन्सोल चालू आहे, तरीही खेळता येत नाही.

आणि दोन कंट्रोलर एका कन्सोलला जोडून शेजारी शेजारी बसणं! काँट्रा या दोघांनी मिळून खेळायच्या गोळीबाराच्या गेममध्ये दादा वरच्या फळीवर चढून पुढे पळायचा आणि स्क्रीन त्याच्यासोबत सरकली की खाली राहिलेला मी मरायचो, तेव्हाचा तो आरडाओरडा हेडफोन लावून ऑनलाइन खेळताना येत नाही, कितीही चांगलं नेट असू दे. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, तीस लाइफ मिळायच्या. तो कोड आधी ग्रेडियस नावाच्या गेमसाठी केला होता, हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरने, टेस्टिंग करताना गेम जड जात होता म्हणून, तो तसाच आत राहिला आणि जगभरच्या पोरांना पाठ झाला.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते मेमरी कार्ड. प्लेस्टेशनचं ते बारकं कार्ड, पंधरा ब्लॉक, बस. नवीन गेम आणला की तो स्क्रीन उघडायचा, प्रत्येक सेव्हचं इवलंसं हलणारं चित्र, आणि आता कुठला पुसायचा यावर आमचा खल, दादाचं फुटबॉल की माझा फायनल फँटसी. मेटल गियर सॉलिडमधला (१९९८) सायको मँटिस हा व्हिलन तर ते कार्ड वाचून तुम्ही आधी कुठले गेम्स खेळलात ते तुम्हालाच सांगायचा, आणि त्याला हरवायला कंट्रोलर काढून दुसऱ्या पोर्टला लावायचा. गेम स्क्रीनच्या बाहेर येऊन आपल्या खोलीत हात घालत होता! हे वस्तू हातात असल्यामुळे जमलं.

आता राग येतो ती गोष्ट. तेव्हा गेम विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, कॅसेट खोचा, बटण दाबा, सुरू. चाळीस जीबीचं अपडेट नाही, अकाउंट नाही, कोणाची परवानगी नाही. आज पैसे मोजूनही आपल्या हातात काय आहे? निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन कन्सोलचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला नव्या खरेदीसाठी बंद झालं आणि जे गेम्स फक्त तिथेच मिळायचे ते सरळ मार्गाने विकत घ्यायची सोयच संपली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम्स जपणाऱ्या संस्थेने अभ्यास करून सांगितलं की अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. लायब्ररींनी अभ्यासकांना असे गेम्स घरबसल्या खेळू देण्यासाठी कायद्यात सूट मागितली, ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ती नाकारली. कंपनी स्वतः विकणार नाही आणि जपणाऱ्यांनाही जपू देणार नाही, मग हे राहायचं कसं? म्हणून इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या कन्सोलसारखं वागायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळणाऱ्यांना कोणी चोर म्हटलं की मला त्रास होतो. जो गेम आज दुकानात आहे तो विकत घ्या, मी घेतो, पण जो कोणी विकतच नाही तो जिवंत ठेवलाय तो याच लोकांनी.

आणि ज्यांच्या कपाटात अजून कॅसेटी आहेत त्यांना कळकळीची विनंती. फुंकर मारू नका, ती मारल्याने नाही तर कॅसेट काढून परत नीट बसवल्याने गेम चालायचा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. दुसरं, ज्यात सेव्ह होतो त्या बऱ्याच जुन्या कॅसेटींच्या आत बटणासारखी छोटी बॅटरी असते, झेल्डापासून पोकेमॉनपर्यंत. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही तिच्यावरच चालतं म्हणून ती आणखी लवकर संपते, खूप जणांची संपलीही असेल. बॅटरी काढली की सेव्ह गेला, तेव्हा आधी गेमची कॅसेट वाचणाऱ्या छोट्या यंत्राने (कॅसेट रीडर) तो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग धातूच्या पट्ट्या आधीच लावलेली नवी बॅटरी आणा, नुसत्या सेलवर थेट सोल्डरिंग करायचं नाही, तो फुटू शकतो. जमत नसेल तर हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या, पण याच महिन्यात करा.