भाताला मीठ

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर महिनाभर एकच वाद चालू आहे. आई यंदाही म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, फेस्ताला (सणाला) तेल घेऊन गेली. भाच्याने लिहिले, "आजी, ती मुळात आपली देवी. तिच्या नावावर चर्च चालवतात आणि आपण वर तेल नेऊन ओततो. हे आता पुरे." त्यावर मामेभावाने पर्यटन खात्याच्या जाहिरातीत शोभेल असा फोटो टाकला आणि खाली लिहिले, "हाच आपला गोवा, सगळे धर्म एकत्र." मग दोघांची जुंपली. आईने मध्येच एक ओळ टाकली: "भयण ती. भयणीक तेल व्हरचें न्हय?" (बहीण ती. बहिणीला तेल न्यायचे ना?)

आम्ही गोव्यातल्या मये गावचे. डिचोली तालुक्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे सात बहिणींची कथा आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, आमच्या गावची महामाया, मोरजीची मोरजाई अशा या बहिणी, आणि वायंगिणीचा खेतोबा हा त्यांचा भाऊ. त्यांतलीच एक मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्रीस सायबीण झाली, असे आजी सांगायची. ईस्टरनंतर सायबिणीचे फेस्त येते आणि त्याच सुमारास, वैशाख शुद्ध पंचमीला, लईराईची जत्रा. या दिवसांत बहिणी एकमेकींची आठवण काढतात, म्हणून इकडून तेल जाते आणि तिकडून मोगरीची फुले येतात, असे घरात ऐकतच आम्ही वाढलो.

मी अकरा वर्षे लिस्बनला आहे. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात सांस्कृतिक मानवशास्त्र शिकले. शिकताना वाटायचे, हे धडे पुस्तकात आज आले, पण आमच्या अंगणात ते कधीचेच होते. केनेथ पाईक या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एमिक आणि एटिक असे दोन शब्द वापरात आणले. एखादी रीत ती पाळणाऱ्याच्या मनातून बघणे हे एमिक आणि बाहेर उभे राहून मोजमाप घेणे हे एटिक. आमच्या ग्रूपवरचा वाद मला तिथेच कळला. भाचा आणि मामेभाऊ दोघेही बाहेर उभे आहेत. एक म्हणतो हिंदू, दुसरा म्हणतो हिंदू-ख्रिस्ती एकत्र. आत एकटी आई आहे, आणि ती यांतले काहीच म्हणत नाही. ती म्हणते बहीण.

आजीच्या तोंडी 'धर्म' हा शब्द दारात आलेल्या माणसाला मूठभर तांदूळ घालण्यापुरता होता: धर्म कर. बाकी सगळ्याला तिच्याकडे वेगळी नावे होती. देवकार्य, कुळाचार, रीत, नवस, कौल. जनगणनेच्या कागदावर एका चौकटीत एकच धर्म लिहायचा, ही सवय आपल्याला फार उशिरा लागली. त्या चौकटीने बघितले की सायबिणीचे तेल कुठेच बसत नाही, आणि जे बसत नाही ते चुकीचे वाटू लागते.

आता मिठाची गोष्ट.

लिस्बनला आल्यावर पहिली तीन वर्षे मी आमादोरा या उपनगरात दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या एका बाईबरोबर घर वाटून राहत होते. ती ख्रिस्ती, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. चूल एकच होती. पहिल्याच आठवड्यात मी भात टाकला आणि ती टोपात डोकावून म्हणाली, "मीठ घालूंक ना?" मी म्हटले, भातात कोण मीठ घालते, मीठ ताटात वाढतात. ती हसली आणि चमच्याने मीठ घातले. पुढे आम्ही पाळ्या लावल्या, सोमवारी तिचा भात, मंगळवारी माझा. दोघींना एकमेकींचा भात अळणी किंवा खारट लागायचा आणि दोघी तो खायच्या.

वर्षभराने वर्गात गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय निघाला आणि १७३६ चे फर्मान वाचले. आपल्या अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात ते दिलेले आहे. बाटलेल्यांनी काय करू नये याची ती लांबलचक यादी. लग्नात ओव्या म्हणू नयेत. विडे वाटू नयेत. दारात, परसात तुळस लावू नये. आणि मीठ न घालता भात शिजवू नये, हिंदू लोक तसा शिजवून वरून मीठ घेतात म्हणून. मी ते पान दोनदा वाचले. आमच्या आमादोराच्या टोपातला माझा भात पावणेतीनशे वर्षांपूर्वी दक्षिण गोव्यातल्या साष्टीत पुरावा ठरला असता. शेजारणीने जाऊन सांगितले असते, आणि झाले.

तिचा मिठाचा चमचा त्या फर्मानातून आला की पोर्तुगीज स्वयंपाकाच्या वळणातून, याने तिला काही फरक पडत नव्हता. तिच्या लेखी तो नीट शिजलेला भात होता, तिच्या आजीने शिकवलेला. एखादी गोष्ट उगवली कुठून आणि आज ती पाळणाऱ्याला तिचा अर्थ काय, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. माझ्या शिक्षणातून मला एकच गोष्ट उरवून घ्यायची असेल तर ती हीच घेईन. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

आणखी एक. फर्मान लिहिणाऱ्यांनी घराघरांत बारीक लक्ष घातले होते. भात, पान, चोळी, तुळस, काही सुटले नाही. निरीक्षण म्हणाल तर फार तपशिलाचे. पण ते कशासाठी होते, तर हे तुमचे आणि ते आमचे अशी रेघ मारण्यासाठी. आजवर जी रीत होती ती त्या दिवशी 'धर्म' ठरली. आज गावोगाव कुठले फूल आपले, कुठले फेस्त त्यांचे, कोणी कुठे तेल न्यावे याच्या याद्या करायला निघालेली आपली मुले बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. रेघ मारायची ती रीत आपली नव्हे. ती कुणाची होती हे आपल्याला ठाऊक आहे.

पण मामेभावाचे तरी मी कुठे मान्य करते? इथे राहून मला त्याच्या फोटोची भीती वाटू लागली आहे. जिल्बेर्तु फ्रेयरी हा ब्राझिलियन समाजशास्त्रज्ञ पोर्तुगालच्या सालाझार सरकारच्या निमंत्रणावरून वसाहतींच्या दौऱ्यावर निघाला आणि १९५१ मध्ये गोव्यालाही येऊन गेला. पोर्तुगीज माणूस स्थानिकांत सहज मिसळतो, त्याची सत्ता मायाळू, असा त्याचा सिद्धांत सालाझारच्या राजवटीने गोवा न सोडण्यासाठी वापरला. तो विचार इथे मेलेला नाही. माझे आडनाव आणि गाव कळले की कोणीतरी हमखास प्रेमाने म्हणते, "गोव्यात सगळे किती छान मिसळले होते ना?" लिस्बनमध्येच बेलेंला नदीकाठी शोधयात्रांचे जे भव्य स्मारक आहे, त्यात गोव्यात धर्मप्रसाराला आलेला फ्रान्सिस झेवियरही कोरलेला आहे. तिथे फर्मानाची ओळ नाही.

म्हणजे इथे सरमिसळ पुढे करून फर्मान झाकतात, आणि तिकडे फर्मान पुढे करून सरमिसळ मोडायला निघालेत. दोन्हीकडे अर्धेच बोलतात.

कुंकळ्ळीची ती बाई मला दोन्ही अर्धे एकत्र सांगायची. १५८३ मध्ये तिच्या गावाने पाच जेझुइट पाद्री मारले. मग गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली, आजही तिथेच आहे. हे सांगताना तिचा आवाज चढायचा, कारण मारले गेले ते तिचेही पूर्वज. आणि त्याच दमात ती सांगायची की शिगम्याला देवी छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला मूळ जागी येते. छत्र्या बारा, बारा वांगडांच्या, म्हणजे गावातल्या मूळ कुळांच्या, आणि तिचे भाऊ आपल्या वांगडाच्या छत्रीबरोबर जातात. सकाळी चर्चमध्ये मिस, दुपारी छत्री. पुस्तकात याला सिंक्रेटिझम म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण आधी दोन शुद्ध वस्तू होत्या आणि मग त्या एकत्र झाल्या असे तो गृहीत धरतो. वांगड दोन्हींच्या आधीपासून होते. माणसे बाटली, वांगड बाटले नाही.

म्हणून भाच्याच्या रागाला मी खोटा म्हणत नाही. मंगेश कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. हे पळून येणे होते. गोवा सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपये ठेवले तेव्हा मला बरेच वाटले. देऊळ उभे राहावे. फक्त ते उभे करताना वांगडाच्या छत्रीखालच्या ख्रिस्ती खांद्याला बाजूला हो म्हणू नये.

माझा भाऊ धोंड, म्हणजे लईराईचे व्रत करणारा भक्त, आहे. व्रताच्या दिवसांत तो आईच्या हातचे खात नाही, वेगळा शिजवतो, तळीवर आंघोळ करतो, आणि जत्रेच्या रात्री वेताची काठी घेऊन होमकुंडातून जातो. व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये अशा विधींचे तीन टप्पे सांगितले: माणूस आधी सुटतो, मग अधांतरी राहतो, मग परत येतो. मधल्या अधांतरावर पुढे मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरने खूप लिहिले. मला तो मधला टप्पा कळला तो फातिमात, पोर्तुगालमधल्या मारियेच्या तीर्थक्षेत्री. १३ मेच्या यात्रेला एक म्हातारी गुडघ्यांवर चालत मारियेच्या छोट्या चॅपेलकडे निघाली होती. गुडघ्यांना फोमच्या पट्ट्या, बाजूने नात तिचा हात धरून चाललेली. नात मध्येच पाण्याची बाटली पुढे करायची, म्हातारी मान हलवून नको म्हणायची. तिचे डोळे कुणावरच नव्हते. व्रतात असतो तेव्हा भावाचे डोळे तसेच असतात. दोघांची गोष्ट एक नाही. ती बोललेला नवस फेडत होती, भाऊ देवीची तपश्चर्या स्वतःच्या पायांनी पुन्हा करतो. पण शिरगावहून आलेल्या मला तिथे कोणी काही समजावून सांगावे लागले नाही.

परवा सांत आंतोनियोचा सण झाला. जूनमध्ये इथे मांजेरिकूच्या कुंड्या विकतात, बारीक पानांची गोल झुडपे, वर कागदाचे फूल आणि चार ओळींची कविता. विकणारी बाई म्हणाली, थेट नाक लावू नका, सुकते. पानांवर तळहात फिरवा आणि हात हुंगा. मी हुंगला. कुंडी खिडकीत ठेवली. व्हिडिओ कॉलवर आईला मागे ते हिरवे दिसले आणि तिने तिकडून हात जोडले. ही तुळस नव्हे, तिची चुलत बहीण, असे मी सांगितले. ती म्हणाली, भयणच न्हय?

भाच्याला मी ग्रूपवर उत्तर दिलेले नाही, वेगळा फोन केला. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर लोकांत जाऊन राहिला, दुरून मत दिले नाही, हे त्याला सांगितले. मग म्हटले, पुढच्या वर्षी आजीबरोबर म्हापशाला जा. काही विचारू नकोस, तेलाची बाटली तू धर, रांगेत उभा राहा, आजूबाजूला कोण काय पुटपुटतंय ते ऐक. परत आल्यावर तुझा राग तसाच असला तर मी ऐकून घेईन. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, बघू.

आईला हे कळवले. तिचे उत्तर आले, "ताका सांग, फांतोडेर (पहाटे) उठचें पडटलें."