खिशातला चाकू आणि ‘शंभर टक्के निर्दोष’ असल्याचा दावा

गेले काही आठवडे नागपुरातल्या ट्रेकिंगच्या, सकाळी अंबाझरीला फिरायला जाणाऱ्यांच्या आणि वसाहतींच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. सोबत लाल मुठीच्या, सगळी पाती पंख्यासारखी उघडलेल्या एका स्विस चाकूचे छायाचित्र आहे. मजकुराचा गाभा असा : खिशातला चाकू आयुष्यात एकदाच घ्यावा आणि शंभर टक्के निर्दोष घ्यावा, स्टेनलेस पाते गंजत नाही, पोलाद जितके कठीण तितका चाकू चांगला, पाते पक्के बसवणारा खटका असला की बोट कापत नाही, अवजारे जितकी जास्त तितका उपयोग जास्त, पैसे जास्त मोजले की दोष उरत नाहीत, सहा इंचांच्या आतल्या चाकूसाठी कोणी हटकू शकत नाही, आणि एवढे करूनही दोष दिसलाच, तर तो वापरणाऱ्याचा. मला हा संदेश एकाच दिवशी तीन जणांकडून आला, त्यांपैकी एक धाकट्या मेहुण्याकडून, ‘भाऊजी, तुमच्याच कामाचे’ या शेऱ्यासह. गेली पंचवीस-तीस वर्षे माझ्या खिशात एखादा तरी चाकू असतोच, त्यामुळे हे उत्तर देणे मला भाग आहे.

माझा आक्षेप चांगल्या चाकूंवर नाही. ते खरोखरच परिपूर्णतेच्या अगदी जवळ जातात. मात्र त्यांच्यात जे बारीकसे उणे राहते, ते बहुधा कारागिराच्या हलगर्जीतून आलेले नसते. ज्या गुणासाठी आपण तो चाकू घेतो, त्याच गुणापोटी ते आलेले असते, आणि म्हणून गुण ठेवून तेवढे उणे काढून टाकता येत नाही.

स्टेनलेसच्या गंजाचे आधी पाहू, कारण याच गैरसमजुतीने सर्वांत जास्त चाकू खराब होतात. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, तो ओरखडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा धरतो आणि आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. येथवर संदेश बरोबर आहे. परंतु मिठातले क्लोराइड हा पापुद्रा भेदते, आणि जिथे हवा पोहोचत नाही तिथे तो पुन्हा धरत नाही. घडीच्या चाकूत अशी जागा नेमकी एक असते : पाते जिथे मुठीत फिरते ती खीळ. एका एप्रिलमध्ये रामटेकच्या पायऱ्यांवर बसून आम्ही कैऱ्या कापल्या, तिखट-मीठ लावून खाल्ल्या, आणि मी चाकू रुमालाला पुसून तसाच मिटला. चार दिवसांनी उघडला तेव्हा पात्याचा दर्शनी भाग आरशासारखा होता, पण खिळीपाशी मोहरीएवढे दोन तपकिरी ठिपके पडलेले होते आणि पाते कुरकुरत उघडत होते. कोमट पाण्यात उघडमीट करून, पूर्ण वाळवून, तेलाचा एक थेंब सोडल्यावर कुरकुर गेली. ठिपके मात्र अजून आहेत.

याच्या उलट साधे कार्बन पोलाद. त्याने कैरी कापली की पाते काही मिनिटांत काळे-निळे पडते आणि पहिल्या दोन-चार फोडींना लोखंडाचा वास लागतो. नवा माणूस घाबरून चाकू परत करायला निघतो. वास्तविक तो काळेपणा तांबड्या गंजापेक्षा वेगळा असून पुढच्या गंजाला तो थोडाफार अडवतो. आमच्या आजीच्या विळीचे पाते असेच काळेभोर होते. चिरून झाले की ती ते पुसायची, आठवड्याने तेलाचे बोट फिरवायची, आणि विळी गंजल्याची तक्रार घरात कधी ऐकू आली नाही. (संत्र्याचा प्रश्न नागपूरकरांना पडू नये. आपले संत्रे अंगठ्याने सोलण्यासाठीच जन्माला आले आहे. त्याला चाकू लावणारा माणूस बाहेरगावचा समजावा.)

पोलाद जितके कठीण तितके चांगले, हा दावा अर्धवट आहे. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या नेहमीच्या चाकूंचे पाते, पोलादाचा कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल सी मापावर, ५५-५६ इतकेच कठीण असते, आणि त्यावरून त्याला ‘मऊ’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्याची धार लवकर जाते हे खरे. पण ती घरातल्या साध्या निसण्यावर, आणि निसणा नसला तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर, पाच मिनिटांत परत येते. पाते दगडावर आपटले तर कड वाकते, तुटत नाही. अधिक कठीण पाते धार जास्त दिवस धरते, पण आडवा जोर पडला की त्याचा टवका उडतो. धार टिकणे आणि धार सहज लागणे या दोन्ही गोष्टी एकाच पात्याकडून पुरेपूर मिळत नाहीत, त्यामुळे आपल्याला रोज कोणती हवी एवढेच ठरवायचे असते. सायकलवर शाण घेऊन गल्लीत येणाऱ्या धारवाल्याविषयी इथेच सांगतो, कारण संदेशात ‘बाहेरून धार लावून घ्या’ असा सल्लाही आहे. त्या माणसाचा हात विळ्या-कात्र्यांवर बसलेला असतो आणि तिथे तो वाखाणण्याजोगा असतो. परंतु कोरड्या शाणेवर खिशातले पातळ पाते क्षणभर जास्त टेकले की कडेला निळी झाक चढते, आणि निळी झाक चढली म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले. मग कितीही घासले तरी तिथली धार दोन दिवसांवर टिकत नाही.

खटक्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण इथे बोटाशी गाठ आहे. लहान स्विस चाकूंत पाते केवळ पाठीच्या पट्टीच्या दाबावर उभे असते. टोकाने पोत्याला भोक पाडायला जावे, हात तिरपा व्हावा आणि पाते बोटांवर मिटावे, हे घडते. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण आहे. खटक्याने हा धोका कमी होतो, हे मी संदेशाच्या बाजूने मान्य करतो. पण कमी होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते, त्या प्रकारच्या खटक्यात पट्टीच्या टोकापाशी धूळ किंवा कापसाचे तंतू अडकले की ती पुरती बसत नाही, आणि खटका लागल्याचा समज मात्र होतो. शिवाय असा चाकू मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. १९६४ साली आलेल्या बक ११० या अमेरिकन चाकूचा खटका मुठीच्या पाठीवर असतो आणि तो भक्कमपणाबद्दल नावाजलेला आहे. पण पितळी टोके आणि जाड मूठ यांमुळे त्याचे वजन २०० ग्रॅमच्या घरात जाते. तो पट्ट्याच्या म्यानात शोभतो. सुती सदऱ्याच्या खिशात ठेवला तर सदरा एका बाजूला लोंबतो आणि आठ दिवसांत चाकू घरी राहू लागतो. घरी राहिलेल्या चाकूचा खटका कोणाचे बोट वाचवणार?

लाकडी मुठीच्या ओपिनेलबद्दल संदेशात एकच वाक्य आहे, ‘स्वस्त आणि मस्त, दोष शून्य’, आणि माझा सर्वांत आवडता चाकू तोच असल्यामुळे मला त्यावर थांबावेसे वाटते. फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ प्रदेशात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवला. बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची गोल मूठ, त्यात एक खाच, एक पाते, एक खीळ आणि पुढे जोडले गेलेले, पाते पक्के करणारे एक फिरते कडे, बस्स. आठ नंबरच्या मापाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असते आणि सगळा चाकू ५० ग्रॅमच्या आतबाहेर. पाते इतके पातळ असते की टोमॅटोची फोड अक्षरशः गळून पडते. जाड पात्याचा, चौपट किमतीचा चाकू तिथे टोमॅटो चिरडतो.

पण बीच हे लाकूड हवेतला ओलावा फार मनावर घेते, आणि नागपूरची हवा लाकडाची परीक्षा पाहणारी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना माझ्या ओपिनेलची मूठ आक्रसते, पाते सैल पडते आणि चाकू उलटा धरला तर ते आपल्याच वजनाने किंचित बाहेर येते. जून उलटून पावसाची झड लागली की तीच मूठ फुगते आणि खाच पात्याला अशी चिमटीत धरते की नखाच्या खाचेत नख घालून ओढले तर नखच तुटेल. साव्हुआच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा असा की कडे मोकळे करायचे, चाकू मिटलेलाच हातात धरायचा आणि मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर टचकन आपटायचे. पाते थोडे बाहेर डोकावते आणि मग दोन बोटांनी उघडता येते. माझ्या घरी हा टचकन आवाज आला की पावसाळा सुरू झाला, असे आमची ही म्हणते. मी दर वर्षी मे महिन्यात मूठ मोकळी वाळली असतानाच खाचेत आणि खिळीभोवती जवसाचे कच्चे तेल मुरवतो. विदर्भात जवस पिकते, त्यामुळे घाण्याचे तेल मिळायला अडचण नाही. दोन-तीन हात देऊन, प्रत्येक वेळी तेल सुकायला आठवडाभर देऊन काम होते. एवढे केल्यावर फुगणे निम्म्यावर येते. पूर्ण थांबत नाही, आणि प्लॅस्टिकची मूठ बसवून ते थांबवायचे तर हातात उबदार लागणारा तो चाकूच उरत नाही.

अवजारांची संख्या हा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विसचॅम्पमध्ये ३३ कामे होतात आणि तो १८५ ग्रॅमचा आहे. दुकानात तो पाहून हरखून न जाणारा माणूस मला भेटायचा आहे. परंतु त्याची जाड मूठ हातात धरून साधी मोसंबी कापून पाहावी. खरी गंमत लहान चाकूंत आहे, कारण तिथे निवड करावीच लागते. व्हिक्टोरिनॉक्सच्याच ९१ मिलिमीटरच्या स्पार्टन या नमुन्यात पाठीवर बुचाचा स्क्रू आहे, टिंकर या नमुन्यात त्याच जागी फुलीचा पेचकस आहे. आपल्याकडे बाटलीच्या बुचापेक्षा मिक्सरचा स्क्रू जास्त वेळा उघडावा लागतो, म्हणून मी टिंकरच्या बाजूचा आहे. ९३ मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या मुठीचा पायोनियर एक्स तर मला जवळपास निर्दोष वाटतो : पातळ, मजबूत, कात्रीसकट. फक्त त्या मुठीत चिमट्याला जागा नाही. प्लॅस्टिकच्या मुठीत चिमटा आणि दातकोरणे सरकवायला खाचा असतात, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात त्या नसतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या इब्याख इथल्या कारखान्यात बसून हे उणे नगण्य वाटत असेल. ज्याच्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार टाचेत गेला आहे आणि गाव चार किलोमीटर दूर आहे, त्याला विचारावे.

पैसे जास्त मोजले की दोष जातात, हेही खरे नाही, दोष बदलतात. महागड्या चाकूंत दिसणाऱ्या एस३०व्ही या, धातूच्या चूर्णापासून बनवलेल्या पोलादात सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे कार्बाइडचे (कार्बनशी जुळून झालेले) कण धार लावायच्या साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात, त्यामुळे धार कैक दिवस टिकते, पण गेली की घरचा निसणा तिच्यापुढे हात टेकतो आणि हिऱ्याची पट्टी विकत आणावी लागते. ती आणायची तयारी असेल तर हे पोलाद उत्तमच आहे.

कायद्याचा दावा मात्र थेट चुकीचा आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांनी थांबवावा. शस्त्र नियमांतल्या वर्गवारीत मर्यादा नऊ इंच लांबीची किंवा दोन इंच रुंदीची आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. सहा इंचांचा आकडा त्यात नाही. पण म्हणून लहान चाकूला सर्वत्र मोकळे रान आहे असेही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी शस्त्रे बाळगण्यावर बंदी घालू शकतात, त्या कलमात चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे आणि इंचांची सूट नाही. सणासुदीला किंवा मोर्चाच्या दिवशी असा आदेश लागू असेल तर खिशातला चाकू घरी ठेवणेच योग्य. विमानाच्या हातातल्या सामानात तर तो मुळीच चालत नाही; माझा एक लहान चाकू तपासणीच्या टेबलावर असाच राहिला, आणि तिथे चूक सर्वस्वी माझी होती.

राहिला शेवटचा दावा, की दोष दिसला तर तो वापरणाऱ्याचा. त्याला उत्तर खुद्द बनवणाऱ्यांनी दिलेले आहे. ओपिनेलला पाते उघडे असताना पक्के करणारे फिरते कडे पहिल्या दिवसापासून नव्हते. ते १९५५ साली आले. मिटलेले पातेही त्याच कड्याने पक्के करण्याची सोय व्हायला २००० साल उजाडले. म्हणजे पहिल्या चाकूनंतर ११० वर्षे मिटलेला ओपिनेल खिशात उघडू शकत होता, आणि ती खोट वापरणाऱ्याच्या माथी न मारता घराण्याने स्वतःच दुरुस्त केली. माझा जुना ओपिनेल या दुसऱ्या सुधारणेच्या आधीचा आहे. मे महिन्यात त्याची मूठ आक्रसली की मी त्याला एक रबर बँड घालतो, आणि पहिल्या पावसानंतर तो काढून ठेवतो.