पाचशे गुरुजींची फुंकर
निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करावी की मोटार घ्यावी, या प्रश्नावर मी मोटार घेऊन तीर्थयात्रा करावी असा मध्यममार्ग काढला आणि एका परिचिताकडून टर्बो डिझेलची जुनी गाडी विकत घेतली. "घरच्या लेकीसारखी सांभाळली आहे, गुरुजी. डांबरी रस्ता सोडून हिचे चाक कधी खाली उतरले नाही," असे त्यांनी सांगितले आणि मी ते मानले. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या सपाट काळ्या मुलखात गाडीने तक्रारीला जागा ठेवली नाही. परतवाडा मागे पडून चिखलदऱ्याचा घाट लागला, तेव्हा मात्र तिने काळा धूर सोडत असा दम टाकला, की एसटीची बस आम्हांला ओलांडून गेली आणि खिडकीतल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून हळहळ व्यक्त केली.

"इंटरकूलरले हवा भेटून नाई रायली, गुरुजी," गावातल्या मिस्त्रीने निदान केले.

आता इंटरकूलर म्हणजे काय, हे मला समजून घ्यावे लागले. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे आपण सर्वांनी चटके खाऊन शिकलेलो आहोत. टर्बो हा तसाच पंप, फक्त इंजिनाच्या धुरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणारा. धुराकडूनच काम करून घेण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांना १९०५ साली सुचली होती. दाबल्यामुळे तापलेली ही हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी एका जाळीदार पेटीतून नेऊन थंड करतात. १२० अंशांची हवा ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाखाली तेवढ्याच जागेत सुमारे १८ टक्के अधिक हवा मावते. पेटीच्या नळ्यांतून इंजिनाची हवा जाते आणि नळ्यांच्या मधल्या जाळीतून बाहेरचा वारा. एकाच वाड्यात राहणाऱ्या, पण बोलचाल बंद असलेल्या दोन भावांप्रमाणे या दोन हवा शेजारून जातात आणि एकमेकींना भेटत नाहीत. आमची सगळी फजिती त्यातली कोणती हवा अडली आहे, हे न विचारल्यामुळे झाली.

मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे पाइप काढले. "तुमी फुका, मी इकून हात लावून पायतो." मी छाती भरून फुंकले. पलीकडे त्याच्या तळहाताला वारा लागला आणि अलीकडे माझ्या ओठांवर तेलकट काळी मिशी उमटली. टर्बोच्या वाटेने थोडे तेल तिथे यायचेच, अशी त्याने माझी समजूत घातली. परंतु जमलेल्या पोरांना ती समजूत नको होती, त्यांना मिशी पुरेशी होती.

तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे मला हा पुरावा पटेना. सव्वा लिटरचे इंजिन ४,००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे २,५०० लिटर हवा ओढते. माझ्या एका फुंकरीत फार तर ५ लिटर मावत असतील. म्हणजे खरी परीक्षा घ्यायची तर मिनिटाला पाचशे गुरुजी रांगेने फुंकायला हवेत, आणि आमच्या केंद्रात तर शंभरही भरणार नाहीत.

मग पाइप जोडून बाहेरच्या वाऱ्याची परीक्षा ठरली. इंजिन सुरू करून एसी लावला, की मागचा पंखा फिरून समोरून हवा ओढतो. मी पेटती उदबत्ती पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत जाण्याऐवजी थोडा घुटमळला आणि माझ्याच नाकात आला. शेजारच्या आजी तेवढ्यात तिथून जात होत्या. गुरुजी गाडीला ओवाळत आहेत असे पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि घरून कुंकू घेऊन आल्या. शास्त्रीय प्रयोग चालू आहे, हे सांगेपर्यंत बॉनेटवर पाच बोटे उमटली होती.

अखेर बंपर उतरवून इंटरकूलर बाहेर काढला. त्याच्या आणि एसीच्या जाळीच्या मधल्या फटीत, चिखलाने थापलेला, वर्षानुवर्षांचा कापूस भरलेला होता. मिस्त्रीने एक पुंजका ओढला, त्यातून सरकी गळाली. "गुरुजी, हे गाडी जिनिंगात नांदत होती काय?" घरच्या लेकीचे सगळे माहेर त्या सरकीने सांगून टाकले.

नळ्या फुटलेल्या नाहीत ना, हेही पाहायचे होते. मिस्त्रीने एक तोंड रबरी बुचाने बंद केले, दुसऱ्या बुचात ट्यूबचा वॉल्व्ह बसवला, पंक्चरच्या मशीनने १५ पौंड हवा भरली आणि पेटी गुरांच्या हौदात बुडवली. बुडबुडा उठला नाही. पाणी प्यायला आलेली म्हैस मात्र आपल्या हौदात आम्ही काय धुतो आहोत, हे शेवटपर्यंत संशयाने पाहत राहिली. त्यानंतर जाळीला मागच्या बाजूने हलके पाणी मारले. जोराच्या धारेने तिच्या पातळ पात्या वाकतात.

सगळे जागच्या जागी बसवून पुन्हा उदबत्ती लावली. यावेळी धूर सरळ रेघेने जाळीत शिरला. मी विजयी मुद्रेने वळलो, तर आजी नारळ घेऊन मागेच उभ्या होत्या.

"पायलं काय गुरुजी," त्या म्हणाल्या, "काल कुंकू नव्हतं म्हणून देवानं धूर परत केला. आज घेतला."