मीठ-व्हिनेगरने बिटाचा रंग पक्का होत नाही, आणि मोरचूद बाळाच्या झबल्यासाठी नाही

‘घरच्या घरी शंभर टक्के नैसर्गिक, केमिकलमुक्त रंगाई’ हा मेसेज गेले काही आठवडे ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि भाचीने बाळाची सुती झबली रंगवायला बीट आणि मोरचूद आणायचं ठरवलं, म्हणून हे लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बीट, हळद, जांभूळ, लाल कोबी काहीही उकळा, मीठ आणि व्हिनेगर घाला, रंग कायमचा बसेल; तुरटी ‘केमिकल’ आहे म्हणून टाळा; हिरवा हवा तर चिमूटभर मोरचूद घाला; निळ्यासाठी नीळ उकळा.

आधी मीठ-व्हिनेगर. हा सल्ला नैसर्गिक रंगांचा नाहीच. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवताना मीठ घालतात, म्हणजे पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलला जातो. लोकर आणि रेशमावर अ‍ॅसिड रंग चढवताना व्हिनेगर लागतं. दोन्ही बाजारच्या कृत्रिम रंगांच्या रीती. कुणीतरी त्या उचलून बिटाला चिकटवल्या. सुती धाग्यावर व्हिनेगर बिटाचा रंग धरून ठेवत नाही. बिटाचं रंगद्रव्य मुळात उष्णतेने आणि उजेडाने मोडतं, त्यामुळे उकळतानाच ते अर्धं मरतं. लाल कोबी आणि जांभळाचा रंग आंबटात गुलाबी, साबणात निळा-हिरवट होतो. हळदीचं तर मराठी घरात सांगायलाच नको. डाग साबण लागताच लाल होतो, आणि तोच कपडा उन्हात टाकला की डाग उडून जातो. जो रंग दोरीवर एका दुपारीत उडतो, तो ‘कायमचा’ कसा?

सुतावर रंग धरायचा तर मध्ये दुवा लागतो. त्याला रंगबंधक किंवा मॉर्डंट म्हणतात. हे आजचं खूळ नाही. कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्रीने 1742 साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छापील-चितारी कापडाची रीत पत्रात लिहून ठेवली आहे. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुचकळायचं, लाल हवा तिथे तुरटीचं पाणी लावायचं, मग चायवेलीच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या एका झाडाच्या, मुळांच्या पाण्यात उकळायचं. रंगाचं पाणी सगळ्या कापडाला लागतं, पण लाल टिकतो तो तुरटीच्या रेघांवर. बाकीचा धुण्यात आणि उन्हात निघून जातो. कच्छच्या अजरख या ठशांच्या छापील कापडात आजही हेच दिसतं: एकाच कढईतून तुरटीची जागा लाल आणि लोखंडाची जागा काळी होऊन बाहेर येते. तुरटी टाळा म्हणणाऱ्याने हे एकदा पाहावं.

अर्धा किलो कोरड्या सुती कापडाचं माप असं. आधी 10 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं, ते सुताचं मेण आणि गिरणीची खळ. ही पायरी गाळली की रंगाचे ढग उमटतात, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो. मग 100 ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात, त्यात कापड रात्रभर. पिळून, न धुता वाळवा. लोखंडी घमेलं वापरू नका, हिरडा आणि लोखंड भेटले की कापड राखाडी होतं. मग 75 ग्रॅम तुरटी पूर्ण विरघळवून त्यात काही तास. खडे राहिले तर ठिपके पडतात. वाळवून, हलकं खळबळून मगच रंगात. लाल रंगासाठी मंजिष्ठाच्या मुळांची पूड 250 ग्रॅम, तासाभरात हळूहळू 65-70 अंशांपर्यंत, पुढे तासभर तिथेच. घाईने उकळी आणली तर लाल विटकरीकडे झुकतो.

मोरचुदाचा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्षबागेत बुरशी मारायला चुन्यासोबत बोर्डो मिश्रणात जातं तेच. ते पोटात गेलं तर विष आहे, आणि बाळ झबल्याची बाही चोखतंच. ‘चिमूटभर’ हे मापच नाही, कारण किती तांबं धाग्यात राहिलं आणि किती धुण्यात निघालं हे घरी कळत नाही. मेसेजमध्ये ते मीठ घातलेल्या पाण्यात, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात टाकायला सांगितलंय. मोरचूद अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि मीठ असलं की जास्त जोरात. पातेल्याला तांबूस थर आणि खड्डे पडतील. त्या पातेल्यात पुन्हा वरण शिजवायचं का? हिरवा हवा तर पिवळ्यावर निळीची बुडी द्या.

निळीबद्दल एवढंच, की खरी नीळ (इंडिगो) पाण्यात विरघळत नाही, कितीही उकळा. 1 भाग नीळ, 2 भाग चुना, 3 भाग फळसाखर (फ्रुक्टोज) असं पिंप कोमट लावतात. पाणी पिवळसर-हिरवं झालं की कापड बुडवायचं. निळं ते बाहेर हवेत होतं. तिला तुरटी लागत नाही.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे, मान्य करायला हवं. डाळिंबाची आणि कांद्याची सालं खरंच रंग देतात, आणि तुरटीवर बऱ्यापैकी टिकतात. दुकानातल्या तुरटीत लोह असेल तर रंग मळतो हेही खरं, म्हणून स्वच्छ पारदर्शक खडा घ्या.

झबल्याआधी त्याच कापडाची पट्टी रंगवा, अर्धी पुठ्ठ्याने झाका, आठवडाभर खिडकीत ठेवा, मग साबणाने धुवा. आणि मोरचूद आणला असेल तर मोरीत ओतू नका, मुलांच्या हाती लागेल तिथे ठेवू नका. बंद पुडी दुकानात परत द्या.